डावखुऱ्या रेघेचा पत्रा

एकावर एक रचलेल्या जाड पोलादी पत्र्यांतून बरमा खाली उतरतो तेव्हा त्याचा आवाज थराथराला बदलतो. वरच्या पत्र्यात तो कोंडल्यासारखा असतो, मधल्या थरांत एकसुरी होतो, आणि शेवटचा पत्रा फुटायच्या बेतात आला की जरा किरटा होतो. तो किरटा आवाज आला की खंडप्पाअण्णा हँडलवरचा जोर सैल करत, मशीनच्या टेबलाखाली मान वाकवत आणि म्हणत, "करीम, हात काढ."

मग ते थांबत. फार नाही, एखादा श्वास घ्यायला लागेल इतकंच. त्यानंतर हातोडीनं वरच्या पत्र्यावर स्वतःच एक ठोका देत आणि बरमा आरपार सोडत.

टेबलाखाली कोणी नसे.

त्यांच्याशेजारी उभं राहून मी काही वर्षं ही हाक ऐकली. पुढं कामं बदलली, गाव बदललं, आणि ती विसरल्यासारखी झाली होती. गेल्या पावसाळ्यानंतर रहिमाभाभी गेल्याचं कळलं आणि ती पुन्हा ऐकू येऊ लागली. रहिमाभाभी म्हणजे त्या करीमची बायको. त्यांच्या नवऱ्याचं काय झालं हे त्यांना कळावं म्हणून एका माणसाला एक प्रश्न विचारायचा होता. तो विचारायचं काम माझं होतं, आणि मी विचारला नाही. खंडप्पाअण्णांविषयी लिहायला बसलो आहे तर हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं त्यांच्यामागं लपून लिहिल्यासारखं होईल.

हुमनाबादहून कल्याणीकडं जाणाऱ्या एका रस्त्यावर नदी आडवी येते. तिच्यावर लोखंडी पूल बांधायचं काम निजामाच्या राज्यात सुरू झालं होतं. पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत ते बंद पडलं आणि नदीकाठचं यार्ड ओस पडलं. मधे बराच काळ गेला. काम पुन्हा सुरू झालं तेव्हा मी तिथं मार्कर म्हणून लागलो. पत्र्याला खडू फासायचा, नकाशावरून भोकांच्या जागा आखायच्या आणि प्रत्येक जागी पंच मारून बारीकशी खळी पाडायची, हे माझं काम. त्या खळीत बरमा टेकवायचं काम अण्णांचं.

पहिल्याच दिवशी ती हाक ऐकून मी दचकून खाली वाकलो. टेबलाखाली लाकडी ठोकळा होता, त्याला मारलेली पाचर होती आणि गुंडाळ्या झालेला लोखंडी कीस पडला होता.

"खाली कोण हाय, अण्णा?"

"कोण न्हाई."

"मग हाक कुणाला मारायलाव?"

"तुझं नाव काय?"

"बसवराज."

"करीम न्हाई ना? मग कामून वाकायलास? पंच मार."

पलीकडं पत्रे उचलणारे खलाशी हसले. अण्णा हसले नाहीत, पण चिडलेलेही नव्हते. नवा माणूस आला की हे एकदा व्हायचंच, अशा सवयीनं ते बोलले होते.

अण्णा मूळचे मंठाळकडचे धनगर. वडिलांनी मेंढरं विकून तुकडाभर जमीन केली होती. तिच्यात भागेना म्हणून हे तरुणपणीच शहाबादकडं कारखान्यात गेले आणि लोखंडाला लागले. अंगानं काटकुळे. डोक्याला विटकरी रंगाचा पटका, कानावर विडी. ती विडी ते कधी पेटवताना दिसायचे नाहीत. संध्याकाळी तीच विडी तशीच घरी जायची. बोलताना मात्र मेंढरं सुटली नव्हती. पत्र्यांच्या थप्पीला ते कळप म्हणत. मशीनवर थप्पी चढवायच्या आधी प्रत्येक पत्रा आधी फडक्यानं पुसायचा, मग बाहीनं, मग उघड्या तळहातानं. तळहात फिरवताना ते डोळे मिटून घेत, मेंढराच्या लोकरीत गोचीड चाचपावी तसे. वाळूचा एक कण जरी दोन पत्र्यांमध्ये राहिला तरी तिथं फट पडते. बरमा खाली जाताना कीस त्या फटीत शिरतो, पत्रे एकमेकांपासून उचलले जातात आणि भोक सरळ जात नाही.

शिकंजे आवळून झाले की ते थप्पीवर हातोडी मारत. चारी पत्रे मिळून एकच आवाज आला तर ठीक. जरा जरी झणझण ऐकू आली तर म्हणत, "खोकायलंय. उघडा."

खलाशी कपाळाला हात लावत. "अण्णा, आत्ताच तर आवळलं."

"मेंढरू खोकायलंय म्हटलं तर तू त्याला बाजाराला नेशील?"

"आम्ही न्हाई नेणार, पण तुम्ही तेच तेच मेंढरू दिवसभर धुवायलाव."

"धुतो. तुझ्या बापाचं काय जायलंय?"

आणि थप्पी उघडली जायची.

रविवारी ते मशीनला भंडारा लावत, ते त्यांच्या मल्लण्णाचं. पण शुक्रवारी सकाळी एका खापरीत निखारे घेऊन मशीनभोवती ऊदही फिरवत. कोणीतरी चेष्टेनं विचारलं होतं, "अण्णा, तुमचं मशीन कोणत्या जातीचं म्हणायचं?" अण्णा म्हणाले, "तेलाच्या. ज्यानं तेल घातलं त्याचं." ऊद फिरवायची रीत करीमची होती, हे मला नंतर कळलं. करीम असताना अण्णा त्या धुरानं शिंकत आणि त्याला शिव्या देत. तो बेपत्ता झाल्यावर त्यांनी स्वतः सुरू केलं.

करीम त्यांचा खालचा माणूस. शेवटचा पत्रा फुटताना बरमा एकदम ओढ खातो, म्हणून भोकाखाली लाकडी ठोकळा पाचरीनं घट्ट दाबून धरायचा असतो. ते काम करीमचं. ठोकळा बसवून त्यानं हात बाजूला घ्यायचा आणि पत्र्याला खालून एक ठोका द्यायचा. तो ठोका थरांतून वर अण्णांच्या हातात पोचायचा आणि मगच अण्णा बरमा सोडायचे. तोंडानं उत्तर द्यायची पद्धत नव्हती, कारण इंजिनाच्या आवाजात ऐकू काय येणार. दोघांची ही जोडी अनेक वर्षांची होती. काम पुन्हा सुरू झाल्यावर अण्णांना दुसरा खालचा माणूस द्यायला साहेब तयार होते. अण्णांनी घेतला नाही. प्रत्येक भोकाला स्वतः खाली बसून पाचर मारत आणि परत वर येत.

आणखी एक काम करीमचं असे. थप्पी कसून झाली की सगळ्या थरांच्या कडांवरून छिन्नीनं एक तिरपी रेघ ओढायची. एकत्र भोकं पाडलेले पत्रे फक्त एकमेकांशीच तंतोतंत जुळतात. पुढं ते सुटे झाले, इकडं तिकडं गेले, तरी पुन्हा रचताना ती रेघ सलग झाली म्हणजे पत्रे आपापल्या जागी आले. मधेच रेघ तुटली तर क्रम चुकला. आम्ही सगळे रेघ ओढायचो ती उजवीकडं कलायची. करीम डावखुरा होता. त्याची रेघ डावीकडं कलायची.

अ‍ॅक्शनच्या आधी या दोघांनी केलेली शेवटची थप्पी यार्डात पडून होती. पुलाच्या मधल्या सांध्याचे पत्रे होते ते, बाजेएवढे रुंद आणि अंगठ्याएवढे जाड. भोकं पाडून, कडा घासायला म्हणून ते सुटे करून ठेवले होते आणि त्याच वेळी सगळं बंद झालं. ओस पडलेल्या यार्डातून लोकांनी दोर नेले, लाकूड नेलं, टिना नेल्या. या चार पत्र्यांपैकी वरून दुसरा कोणीतरी गाडीत घालून नेला होता. उरलेल्या तिघांना रचलं की डावखुरी रेघ वर सुरू व्हायची, मधे तुटायची आणि खाली पुन्हा निघायची.

साहेब म्हणाले, या तिघांवरून नवा चौथा पाडून घ्या. त्यात अवघड असं काही नव्हतं. पण अण्णा म्हणायचे, "थांबा जरा. गावंल." तो सांधा त्यांनी मागं ढकलत ढकलत शेवटी ठेवला. बाजाराला कुठल्या गावाहून कोणी आलं की विचारायचे, तुमच्याकडं भोकांचा पत्रा कुठं दिसला का? निर्ण्याला कोणी पिठाच्या गिरणीपुढं टाकलाय म्हणून कळलं, तर सुट्टीच्या दिवशी चालत गेले. तो साधा पत्रा निघाला.

शुक्रवारी काम सुटल्यावर ते हुमनाबादला रहिमाभाभींकडं जात. एकदा मला सोबत नेलं. भाभी भावाच्या घरी, मागच्या खोलीत राहायच्या. कपडे शिवायच्या. वय माझ्या बायकोपेक्षा थोडंच जास्त. हातात हिरव्या बांगड्या होत्या. अण्णा उंबऱ्याबाहेरच बसले. भाभींनी विचारलं, "क्या खबर, अण्णा?"

"न्हाई भाभी. खबर न्हाई."

"लोगां बोलते, कराची गए कते." त्या सुईत दोरा ओवत होत्या. "वो आदमी हैदराबाद अकेला जाने को डरता था. कराची जाता?"

आतून भाऊ आला. तो अण्णांना म्हणाला, "तुम समझाओ इसको. गुलबर्गे से अच्छा पैगाम आया है."

"शोहर जिंदा है के मर गया, ये मालूम हुए बगैर कैसा निकाह?" भाभी म्हणाल्या. "मर गया बोल के कोई बोलो. मैं रो लेती. फिर जो बोलो सो करती." त्यांनी आवाज चढवला नाही. दोरा दातानं तोडला आणि आमच्यासाठी चहा ठेवायला उठल्या.

परत येताना वाटेत, नदीच्या उतारावर, अण्णांनी मला ते सांगितलं. एकदाच सांगितलं.

"यार्ड बंद झालं तवा तो मला म्हणाला, अण्णा, मंठाळला तुमच्याकडं येऊ का चार दिवस? वाड्यावर मेंढरांत झोपतो. मी म्हणालो, येडा हायस का, घरी जा. तिथं तुला वळखणारी माणसं हायती, परक्या गावात कोण वळखायलंय तुला? बायकोला भावाकडं सोडलं त्यानं आणि घरी गेला." ते थोडं चालले. "मीच म्हणालो, घरी जा."

त्याच हिवाळ्यात येळवस आली. आमच्या भागात येळवसीला घरं रिकामी होतात, सगळं गाव रानात जेवायला जातं. कडब्याच्या खोपीत पांडव मांडतात, भज्जी आणि आंबील असते, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून बसवतात. मी सासरवाडीला गेलो होतो. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. ते गाव आहे, माणसं आहेत, माझ्या मुलांचं ते आजोळ आहे.

जावयाला मातीत कसं बसवायचं म्हणून सासऱ्यांनी मला रानातल्या जुन्या आडाजवळ नेलं. आड बुजल्यातच जमा होता, तोंडावर पोलादी पत्रा टाकलेला होता. त्यावर घोंगडं अंथरून मला बसवलं. मी भरपेट जेवलो. दुसऱ्यांदा भज्जी मागून घेतली. आंबिलीचा तांब्या खाली ठेवायला म्हणून हात बाजूला नेला तर बोटांना पत्र्याची कड लागली आणि कडेवर एक खाच लागली. तिरपी. डावीकडं कललेली.

मी घोंगड्याचं टोक उचललं. भोकांच्या रांगा होत्या. प्रत्येक भोकात चुना आणि खडे ठासून भरलेले होते. पोरं बोटं घालतील म्हणून बुजवली असतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही, इतका मी खूश झालो होतो. अण्णा वर्षभर जो पत्रा हुडकत होते त्यावर मी बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी यार्डात पाय ठेवताच मी ओरडलो, "अण्णा, पत्रा सापडला."

ते मशीन थांबवून वळले. "कुठं?"

मी गावाचं नाव सांगितलं. आडावर टाकलाय म्हणून सांगितलं. त्यांनी कानावरची विडी काढली, बघितली, परत ठेवली.

"भोकं उघडी हायती?"

"न्हाई. चुन्यानं बुजवलीत."

अण्णा ठोकळ्यावर बसले. मग म्हणाले, "करीमचं गाव हाय ते."

मला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

दोन दिवसांनी आम्ही बैलगाडी, पहारी आणि चार खलाशी घेऊन गेलो. सकाळची वेळ होती, ज्वारी निसवलेली होती. सासऱ्यांना निरोप गेला असावा, ते आधीच बांधावर उभे होते. अण्णांनी कडेवरची माती पुसली, रेघेवरून अंगठा फिरवला.

"अप्पा, हा पत्रा पुलाचा हाय."

"हाय की," सासरे म्हणाले. "ने. कोण न्हाई म्हणायलंय?"

"कुणी आणला?"

"गावानं आणला."

"भोकं कामून बुजवली?"

सासऱ्यांनी बांधावरचं एक ढेकूळ पायानं फोडलं. मग म्हणाले, "मेस्त्री, तुझा पत्रा, तूच उचल. तुझी माणसं लाव. आमच्या गावातला एकबी हात त्याला लागणार न्हाई. आणि उचललास, तर परत झाकायची जिम्मेदारी तुझी."

खलाश्यांनी पहारी हातात घेतल्या होत्या. त्यातल्या एकानं आपली हळूच जमिनीवर ठेवली. मग दुसऱ्यानं.

अण्णा गुडघ्यावर बसले. कमरेला खोचलेला खिळा काढून त्यांनी एका भोकातला चुना टोकरला. तो कोरडा होता, चटकन सुटला. आतले खडे खाली पडल्याचा आवाज आला नाही, म्हणजे पाणी नव्हतं आणि खोलीही फार उरली नव्हती. अण्णांनी पत्र्यावर दोन्ही हात टेकले, तोंड भोकाजवळ नेलं आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "करीम, हात काढ."

सासऱ्यांनी तोंड ज्वारीकडं फिरवलं.

अण्णा थांबले. यार्डात थांबत त्यापेक्षा किती जास्त, ते मी मोजलं नाही. बैल घंटा हलवत होता. मग त्यांनी मुठीनं पत्र्यावर एक ठोका दिला, सांडलेला चुना गोळा करून भोकात परत भरला, वरून अंगठ्यानं दाबला आणि उठले.

"राहू दे," ते खलाश्यांना म्हणाले. "नवा पाडू."

गाडी रिकामीच परत निघाली. खलाशी गाडीत बसले, अण्णा आणि मी मागून चालत होतो.

"बसू, तू जावई हायस. मला ते गाव उत्तर देणार न्हाई, तुला दील. सासऱ्याला एकदाच विचार, करीम त्या आडात हाय का न्हाई. कुणी मारला ते विचारू नको, त्याचं मला काय करायचंय. कामून मारला तेबी विचारू नको. व्हय म्हणू दे न्हाईतर न्हाई म्हणू दे. मी भाभीला सांगंन. ती रडंल आणि मोकळी हुईल. आजून पुरती तिशीची न्हाई ती."

"विचारतो," मी म्हणालो.

त्या गावावर काय गेलं होतं तेही मला ठाऊक होतं. अ‍ॅक्शनच्या आदल्या वर्षी रझाकारांनी सासऱ्यांची कडब्याची गंज जाळली होती आणि त्यांच्या धाकट्या भावाला शिवारातच मारलं होतं. करीम रझाकारांत कधी नव्हता, तो तर महिनेच्या महिने आमच्या यार्डात टेबलाखाली बसलेला असायचा. पण हे गावाला त्या दिवसांत कोण सांगणार होतं, आणि कोण ऐकणार होतं? माझी बायको गौरा एवढंच म्हणाली, "त्या आडाकडं आम्ही तेव्हापासून जात नव्हतो. येळवसीला तुम्हाला तिथं बसवलं तेव्हा मी तिकडं वाढायलासुद्धा आले न्हाई. बाबांना काही विचारू नका. ते रात्रीचे झोपत न्हाईत."

मी गेलो. सासरे ओसरीवर करडईच्या बिया पाखडत बसले होते. आम्ही दोघंच होतो. मी बसलो, पाणी प्यालो, पाऊसपाण्याचं बोललो. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "जावई, काही विचारायचं होतं का?"

त्यांनी दार उघडून दिलं होतं. त्यांनाही ते कोणाला तरी सांगायचं होतं, असं मला आता वाटतं. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं तर ती दुसऱ्यांदा मागून घेतलेली भज्जी. ते 'व्हय' म्हणाले असते तर मी ती कशावर बसून खाल्ली, हे मला कायमचं कळलं असतं.

"न्हाई, मामा," मी म्हणालो.

त्यांनी सूप परत उचललं.

अण्णांना मी सांगितलं, "विचारलं. त्यांना माहीत न्हाई म्हणाले."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. थप्पीचा आवाज ऐकताना ते जसे बघत, तसे. "बरं," म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. शुक्रवारी ते हुमनाबादला जात राहिले, उंबऱ्याबाहेर बसत राहिले, "खबर न्हाई भाभी" म्हणत राहिले. खोटं त्यांनी सांगितलं नाही. त्यांना माझ्याकडून जे मिळालं तेच ते पोचवत होते. गुलबर्ग्याचं स्थळ त्या उन्हाळ्यात परत गेलं.

नवा पत्रा आम्ही पाडला. जुने तीन खाली, नवा वर, शिकंजे आवळून. जुन्या भोकांच्या जागा धरून बरमा नव्यातून उतरत होता आणि खालच्या तिघांतल्या तयार भोकांतून सरळ जात होता. त्या थप्पीवर अण्णांनी हाक मारली नाही. एकाही भोकाला नाही. किरटा आवाज यायचा, मी कान टवकारायचो, आणि बरमा तसाच पुढं जायचा. काम झाल्यावर मी छिन्नी घेऊन नव्या पत्र्याच्या कडेवर तुटलेली रेघ जोडायला गेलो. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"नको. त्याच्यावर रेघ मारू नको."

दुसऱ्या दिवशी दुसरी थप्पी चढली आणि हाक पुन्हा सुरू झाली.

पूल पुरा झाला ते राज्यं बदलली त्याच वर्षी. हैदराबाद मोडलं, आमचा भाग म्हैसूरकडं गेला. यार्ड आवरायला काढलं. अण्णांना तेलंगणात कुठल्या तरी पुलावर काम मिळालं होतं. निघायच्या दिवशी सगळ्यांनी मिळून जेवण केलं, अण्णांच्या गळ्यात हार घातला. तो त्यांनी मशीनला घातला.

दुपारनंतर मी पुलाच्या पलीकडच्या टोकाला होतो. एक बोल्ट ढिला होता, तो आवळायला खालच्या गर्डरवर उतरलो होतो. हातात मोठा पाना होता. तिथून मला दिसलं की अण्णा एकटेच फिरत्या शिडीनं मधल्या सांध्याशी उतरले आहेत. मी त्यांना दिसत नव्हतो, खांबाच्या आड होतो. त्यांनी तळहात सांध्याच्या कडेवरून वरून खाली फिरवला. डावीकडं कललेली रेघ, मग कोरी कड, मग पुन्हा रेघ. कोऱ्या कडेवर हात थोडा थांबला.

मग त्यांनी पिशवीतून हातोडी काढली आणि एक ठोका दिला.

लोखंडातून तो ठोका माझ्यापर्यंत आला. आवाज कानात यायच्या आधी तो माझ्या तळव्यांत आणि गुडघ्यांत आला. अण्णा मान वाकवून, गर्डरला कान लावून उभे होते. करीमचा ठोका कुठून, कसा वर यायचा, हे मला तेव्हा पहिल्यांदा अंगाला कळलं.

माझ्या हातात पाना होता. मी एक ठोका दिला असता तर तो त्यांच्यापर्यंत पोचला असता. ते थांबले होते, ऐकत होते. मी खूप वेळ तो पाना धरून होतो, आणि मग आवाज होणार नाही अशा बेतानं तो मांडीवर ठेवला. अण्णांना एकदा खोटं उत्तर दिलं होतं. दुसऱ्यांदा देववेना.

बऱ्याच वेळानं अण्णांनी कान काढला. डोक्याचा पटका सोडून हातोडी त्यात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि शिडी चढून वर गेले. रस्त्यावर पाऊल टाकायच्या आधी ते थांबले, तळहात धोतराला पुसला, थप्पी रचायच्या आधी पत्रा पुसत तसा, आणि उघड्या डोक्यानं मोटारीच्या थांब्याकडं चालू लागले.